दोन वेतांतील अंतराचं जनुकीय मॅपिंग: १५० कोकण कपिला पुरतील का?

गोठा_राजापूर
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या १५० कोकण कपिला गाईंवर दोन वेतांतील अंतराशी निगडित मार्कर (डीएनएवरच्या खुणा) शोधायचे आहेत. एका वेळी ५० हजार मार्कर तपासणारी चिप परवडते. वेताच्या तारखा मालकांना विचारून घेणार. रक्त घ्यावं की शेपटीचे केस?

वेत_आणि_वळू
आधी गणित बघा. ५० हजार मार्कर तपासले की बोन्फेरोनीची रेषा (अनेक चाचण्यांत योगायोगाने खोटे निकाल येऊ नयेत म्हणून कडक केलेली मर्यादा) दहा लाखांत एक इतकी कडक होते. १५० गाईंत ती ८० टक्के खात्रीने ओलांडायला एकट्या मार्करला गाईगाईंतल्या फरकाचा जवळपास १८ टक्के वाटा उचलावा लागेल. या गुणाची सगळी आनुवंशिकताच सहसा १० टक्क्यांच्या आत असते. अर्धा टक्कावाला मार्कर पकडायला साडेसहा हजार गाई हव्यात. तरी आलेखात एखाद्या मार्करचं शिखर दिसलंच, तर संशय आधी जर्सीच्या संकरावर. पीसीए (मार्करवरून जनावरांचे गट वेगळे दाखवणारं विश्लेषण) काढून ती जनावरं बाजूला करा. शिवाय ती चिप मुख्यतः विदेशी जातींवर बेतलेली, आपल्या वशिंडाच्या गाईंत बरेच मार्कर एकाच रूपात निघतात नि गळतात.

चवथ_ते_शिमगा
तारखा हेच खरं दुखणं. "गेल्या चवथीला व्यायली, यंदा परत चवथीलाच" ऐकून ३६५ लिहू नका. २०२२ ची चवथ ३१ ऑगस्टला, २०२३ ची १९ सप्टेंबरला: ३८४ दिवस. तिथून २०२४ ची ७ सप्टेंबरला: ३५४. साल आणि तिथी विचारा, पंचांगावरून तारीख काढा.
दुसरं, जी गाय परत फळलीच नाही तिला अंतरच नसतं, म्हणून ती यादीतून गळते. नेमकी तीच कामाची. तिचे वेतापासून आजवरचे दिवस घ्या, "अजून व्यायची आहे" अशी खूण करा आणि सर्व्हायव्हल पद्धत (घटना अजून न घडलेल्यांनाही हिशोबात धरणारं गणित) वापरा. मोकळ्या चरणाऱ्या गुरांत वळू कोणता ते कळत नाही, तेव्हा नातं वंशावळीवरून नको, मार्करवरूनच काढा.

गोठा_राजापूर
आणि नमुने?

वेत_आणि_वळू
रक्त ५ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. ८-१० वेळा हळू उलटीसुलटी करून ४ अंशांवर. हिरव्या झाकणाची हेपॅरिनवाली नको, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) अडतो. केस घ्यायचे तर तीसेक, मुळासकट उपटलेले, कापलेले फुकट. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, कागदी पाकीट आणि सिलिका जेल वापरा.
बाजूला काढलेल्या जर्सी संकरांत जेएच१ (जर्सीतला गर्भ मारणारा आनुवंशिक दोष) तपासा. त्याचं मूळ १५ व्या गुणसूत्रावरच्या सीडब्ल्यूसी१५ जनुकात सापडलेलं आहे, त्यासाठी चिपही लागत नाही. गाय आणि वळू दोघेही वाहक असले तर चारातला एक गर्भ मरतो, नि मालक म्हणतो गाय उलटली.