प्रतिसाद: हात बिघडतो म्हणे!

‘सुरुवातीच्या काळात दुसऱ्यांची चित्रं फार बघू नयेत, हात बिघडतो’ असं ज्या लेखावर मी हा प्रतिसाद देतोय त्यात नवशिक्या चित्रकारांना सांगितलंय, ते मला अजिबात पटलं नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडेंचंच बघा ना. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून १९४८ला बाहेर पडलेला हा माणूस सुरुवातीला लघुचित्रांतले सपाट रंग आणि युरोपातला चित्रकार पॉल क्ले याची रेषा यांत चांगला बुडालेला होता. त्या वेळची चित्रं बघितली की क्ले लगेच ओळखू येतो, लपवलेला वगैरे काही नाही. पुढे आकृत्या गेल्या, रेषाही गेली. हातात आला रोलर आणि पॅलेट नाईफ (रंग पसरवायची बोथट सुरी). रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे, कागदाचे फाटके तुकडे वापरून रंग उठवायचा. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. क्ले कुठे गेला ते आता शोधूनही सापडत नाही.

कॉलेजात असताना मीही (हसू नका) रोलर आणून ‘गायतोंडे’ करायला बसलो होतो. दोन तासांत कॅनव्हास अगदी नुकत्या रंगवलेल्या जिन्याच्या भिंतीसारखा दिसायला लागला. खालचा थर वाळायची वाट बघायची असते हे तोवर कोणत्याही पुस्तकातल्या फोटोवरून कळलं नव्हतं. वैतागून वर वर्तमानपत्र दाबलं आणि ओढलं, तर कोपऱ्यात मातकट हिरव्यात उलट्या अक्षरांचा एक पट्टा उमटला. बाकी कॅनव्हास पुसून टाकला, तो पट्टा मात्र ठेवला. पुढची तीन वर्षं मी छापील कागदाचे ठसेच घेत होतो.