पहिली सर्व्हिसिंग खरंच झाली का? चेन कोरडी, ऑइल काळपट, जॉब कार्डवर मात्र सगळ्यावर टिक

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण दोन दिवस मनाला चैन नाहीये म्हणून विचारतो. माझी नवीन बाईक आहे, जेमतेम सव्वा महिना झाला. मॅन्युअलमध्ये पहिली सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किमीच्या मधे करा म्हटलंय, मी ६४० ला डीलरकडे टाकली. सकाळी साडेनऊला दिली, संध्याकाळी पाचला फोन आला की झाली, घेऊन जा.

गाडी बाहेरून एकदम चकाचक, धुऊन पॉलिश मारलेली. जॉब कार्डवर, म्हणजे डीलरच्या कामांच्या यादीवर, इंजिन ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर साफ, चेन साफ करून ल्यूब (वंगण), चेन अॅडजस्ट, ब्रेक चेक, नटबोल्ट टाइट, सगळ्यावर टिक. बिलात ऑइल आणि फिल्टर दोन्ही लावलेत, मी पैसे भरून निघालो.

घरी आल्यावर सहज चेनला बोट लावलं तर बोट कोरडं. कडेच्या पट्ट्यांवर तीच आधीची धूळ, आणि दोन-तीन कड्यांवर तांबूस गंज धरल्यासारखं दिसतंय. तिथेच मनात पाल चुकचुकली. मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघितली तर ऑइल गडद तपकिरी, नवीन ऑइल मधासारखं दिसतं ना तसं अजिबात नाही. आणि आता ४०-५० च्या स्पीडला खालून बारीक घूं घूं असा आवाज येतोय जो आधी नव्हता, म्हणजे सर्व्हिसिंग करून गाडी बरी व्हायची तर उलट आवाज घेऊन आली.

डीलरला फोन केला तर समोरचे म्हणाले सर सगळं झालंय, सिस्टीमला दिसतंय, नवीन इंजिनचं ऑइल लगेच काळं पडतं. ते खरंही असेल. मला उगाच कुणा मेकॅनिकवर आळ घ्यायचा नाहीये, पण ही गाडी घ्यायला मी तीन वर्षं पैसे बाजूला टाकलेत आणि हे पहिलंच ऑइल आहे, इथे हयगय झाली तर इंजिनला आयुष्यभर भोवेल असं वाटतं. काम झालंय की नाही याची शहानिशा घरच्या घरी कशी करू? माझ्याकडे पाने वगैरे फारसे नाहीत.

रात्रप्रवासी

ऑइलच्या रंगावरून काहीच ठरवू नकोस भावा. ड्रेन केलं तरी इंजिनमधलं सगळं ऑइल कधीच निघत नाही, थोडं आत कोपऱ्याकापऱ्यात, क्लचच्या भागात चिकटून राहतं आणि नवीन ओतलं की त्यात मिसळतं, त्यात तुझं इंजिन रनिंग-इन मधे आहे, म्हणजे नवे भाग अजून बसतायत, पिस्टन रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) एकमेकांना घासून बसतायत, गिअरचे दात बसतायत, त्यामुळे पहिल्या काही शे किलोमीटरात ऑइल लवकर रंग बदलतं. म्हणजे तो फोनवरचा माणूस निदान या एका गोष्टीत खोटं बोलत नव्हता.

लेव्हल मात्र नक्की बघ. इंजिन दोन-तीन मिनिटं चालव, बंद कर, परत दोन-तीन मिनिटं थांब, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी कर, साइड स्टँडवर अजिबात नको, आणि मग बघ. डिपस्टिक आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं ते वाच. कमी असेल तर वाईट आहेच पण जास्त भरलेलंही वाईट, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) त्यात घुसळला की फेस होतो आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या पाइपातून ऑइल एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात येतं.

पण चेन कोरडी असणं, त्याला कसलंही कारण देता येत नाही. गाडी त्याच दिवशी आणलीस आणि बोटाला काही लागत नाही म्हणजे ल्यूब मारलेलंच नाही, टिक करून सोडून दिलंय.

तेलकट_हात

मी अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत, आता स्वतःचं छोटं गॅरेज आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

सर्व्हिस सेंटरला एका मेकॅनिकच्या वाट्याला दिवसाला इतक्या गाड्या येतात की पहिल्या फ्री सर्व्हिसिंगच्या गाडीला वेळ मिळतच नाही. गाडी नवीन आहे, चालतेय, गिऱ्हाइकाची काही तक्रार नाही, मग हात आखडता घ्यायचा तर तो याच गाडीवर. ऑइल बहुतेक वेळा बदलतातच, ड्रेन बोल्ट खाली सहज हाताला येतो आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. टाळाटाळ होते ती फिल्टरला, कारण कव्हर उघडा, ओ-रिंग (ऑइल गळू न देणारी रबरी कडी) नीट बसवा, बोल्ट सारखे आवळा. एअर फिल्टरला सीट किंवा साइड पॅनल काढावं लागतं, तोही राहतो. आणि जॉब कार्डवरच्या टिका मेकॅनिक करत नाही रे, वर बसलेला माणूस गाडी धुवायला गेली की एका झटक्यात सगळ्यावर करतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते कधीच पटलं नाही, पहिलं ऑइल आणि पहिला फिल्टर हेच तर सगळ्यात महत्त्वाचे, इंजिन बसताना निघालेली सगळी बारीक धातूची भुकटी त्यातच असते.

आता तू विचारलंस घरी कसं कळेल. एकही पाना न लावता कळतं. ड्रेन बोल्ट आणि फिल्टर कव्हरचे बोल्ट टॉर्चने बघ. ज्या बोल्टला सॉकेट लागलाय त्याच्या डोक्याच्या कडा चमकतात, मळ निघालेला असतो. आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये फॅक्टरीत बोल्ट आवळला की त्यावर रंगाची एक रेघ ओढतात, अर्धी बोल्टवर अर्धी इंजिनच्या केसिंगवर. बोल्ट एकदा फिरवला की ती रेघ परत तंतोतंत जुळत नाही, तुटते. ती बघ आणि फोटो टाक.

एक राहिलं, तुझ्या मॉडेलला बदलायचा कागदी फिल्टर आहे ना ते आधी मॅन्युअलच्या मेंटेनन्सच्या तक्त्यात बघ. काही गाड्यांना नुसती जाळी असते जी धुवायची असते. पण बिलात फिल्टर लावलाय म्हणजे असणारच.

चाकोरीबाहेर

तेलकट_हात दादा बोलले ते सोळा आणे खरं. मी माझ्या गाडीचं सगळं स्वतः करते, मला त्या घूं घूं आवाजाची जास्त काळजी वाटतेय. बाकीचं दोन दिवसांनी बघितलं तरी चालेल, हे आज बघ.

चेन प्रमाणाबाहेर ताणली की असाच आवाज येतो. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो त्यावर चेनचा प्ले, म्हणजे ती वरखाली किती हलावी, किती हवा ते लिहिलेलं असतं, बऱ्याच रोजच्या वापराच्या गाड्यांना २५ ते ३५ मिमीच्या आसपास असतो पण तू तुझा स्टिकर बघ. गाडी न्यूट्रलमध्ये, वर कुणी बसलेलं नको, दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध खालची चेन बोटाने खाली दाब आणि मग वर उचल, मागे पट्टी धरलीस की सरळ कळतं. मागचं चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोज, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, जिथे सगळ्यात कमी प्ले येईल तो आकडा धरायचा. आणि इंजिन बंद ठेवूनच चाक हाताने फिरव, चालू इंजिनवर चेनपाशी बोटं नेऊ नकोस, बोट जायला क्षण लागत नाही.

टाइट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. तू बसलास, मागे कुणी बसलं, खड्ड्यात गाडी दबली की ती अजून ताणते, आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. तेवढ्यात स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पण बघ, डावी-उजवी सारख्या रेघेवर आहेत का. नसतील तर चाक तिरकं बसलंय.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी उजेडात तासभर बसून सगळं बघितलं.

ड्रेन बोल्ट: कडा चमकतायत, खालचा वॉशर नवा कोरा आहे. म्हणजे ऑइल बदललंय. फोनवरच्या माणसावर मी मनातून चिडलो होतो, तेवढ्यापुरता माझा संशय चुकीचा होता.

फिल्टर कव्हर: तीन बोल्ट आहेत. तिन्हीवर पिवळी रेघ, बोल्टवरून केसिंगवर अखंड गेलेली, केसाएवढीही सरकलेली नाही. आणि एका बोल्टच्या खाचेत वाळलेला चिखल गच्च बसलाय, सॉकेट लागला असता तर तो तिथे राहिलाच नसता. फोटो खाली टाकलेत.

चेन: स्टिकरवर २५ ते ३५ मिमी. मी सहा ठिकाणी मोजलं, सगळ्यात जास्त १७ आणि एका जागी फक्त १२ मिमी. ताई तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. डावी खूण उजवीपेक्षा एक अख्खी रेघ पुढे आहे.

ऑइल लेव्हल वरच्या रेघेच्या किंचित खाली, ठीक वाटतेय. एअर फिल्टर मी उघडला नाही, स्क्रू खराब व्हायची भीती वाटली.

आता पुढे काय करू? गेलो तर पुन्हा सिस्टीमला दिसतंय म्हणतील. आणि तोपर्यंत गाडी चालवू का?

तेलकट_हात

फोटो बघितले. ते कव्हर फॅक्टरीतून आल्यापासून उघडलेलंच नाही, मी हे कुठेही लिहून देईन.

गाडी कमीत कमी चालव, ती चेनमुळे. फिल्टरमुळे लगेच काही होत नाही, घाबरू नकोस, ६४० किमीत फिल्टर चोक होत नाही. पण नव्या ऑइलसोबत जुना फिल्टर ठेवणं बरोबर नाही, आणि ज्या वस्तूचे पैसे घेतले ती तुझ्या गाडीत नाही, मुद्दा तो आहे.

तू स्वतः कुठल्याही बोल्टला हात लावू नकोस आणि दुसऱ्या गॅरेजलाही उघडू देऊ नकोस, अगदी माझ्यासारख्यालाही नाही. ती पिवळी रेघ हाच तुझा पुरावा आहे, रेघ मोडली की पुरावा गेला. ओडोमीटर आणि कव्हर एका व्हिडिओत घे, कट न करता. मग सर्व्हिस मॅनेजरकडे जा, काउंटरवरच्या पोरांशी हुज्जत घालून उपयोग नाही. आवाज चढवायचा नाही, नुसतं म्हणायचं की कव्हर माझ्यासमोर उघडा.

रात्रप्रवासी

आणि जायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाक. जॉब कार्ड, बिल, फोटो, चेनचे आकडे, चार ओळींत, भावनिक काही नको. नुसत्या फोनवर बोललेलं हवेत विरतं, मेल राहतो, पुढे वॉरंटीत कधी इंजिनचं काही निघालं तर पहिल्या सर्व्हिसिंगला काय झालं होतं याचा कागद तुझ्या हातात पाहिजे. सर्व्हिसिंग झाल्यावर फीडबॅकचा फोन किंवा ओटीपी येतो तो सगळं नीट होईपर्यंत देऊ नकोस. बरेच जण घाईत दहापैकी दहा देऊन टाकतात आणि तिथे तक्रार बंद होते.

चाकोरीबाहेर

चेन सैल करून दिल्यावर मागच्या एक्सलचा नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायला सांग, अंदाजाने नाही, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणि तिथून निघण्याआधी जागेवर उभ्या गाडीवर मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघ, चाक मागेपुढे केलं की पॅडलचा प्ले बदलतो, ड्रम ब्रेक असेल तर हमखास. हे कुणी तपासत नाही आणि पहिल्या चौकात कळतं की ब्रेक लागायला उशीर होतोय.

तिसरा_गिअर

अपडेट देतो, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत तर शेवट सांगायलाच हवा.

आधी मेल टाकला आणि परवा गेलो. मॅनेजरनी फोटो बघितले, आधी म्हणाले फिल्टर बदलल्यावर पण रेघ जुळू शकते. मी म्हटलं असेल, मग उघडूनच बघू. जे मेकॅनिक आले ते वयाने बरेच मोठे होते, त्यांनी गुडघ्यावर बसून कव्हरकडे एक क्षण बघितलं आणि मॅनेजरांना म्हणाले, साहेब हे उघडलेलं नाही. मला त्या माणसाचं फार बरं वाटलं, त्यांना खोटं बोलणं सोपं होतं.

कव्हर काढलं, फिल्टर बाहेर आला, काळा झालेला. त्यांनी घड्या बोटांनी उघडून उन्हात धरल्या तर आत बारीक चंदेरी कण चमकत होते, अगदी रांगोळीसारखे. पहिल्या फिल्टरमध्ये हे निघायचंच, घाबरू नका म्हणाले. नवीन फिल्टर, नवीन ओ-रिंगा टाकल्या, कव्हर काढताना सांडलेलं ऑइल भरून लेव्हल मला दाखवली. एअर फिल्टर उघडला तर तोही साफ केलेला नव्हता, तो केला. चेन धुतली, ल्यूब मारलं, २८ मिमी ठेवली, दोन्ही खुणा जुळवल्या, नट टॉर्क रेंचने आवळला. ताई, मागच्या ब्रेकचा प्ले खरंच वाढला होता, तिथेच कमी करून घेतला.

मॅनेजरांनी जॉब कार्डवर हाताने लिहून सही दिली की फिल्टर आज बदलला. मेलला उत्तरही आलंय, दिलगिरी म्हणून. कुणाची नोकरी जावी असं मला वाटत नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलंही, फक्त पुढच्या नव्या गाडीचा फिल्टर राहू नये.

घूं घूं आवाज पूर्ण गेला. शंका एकच, इतके दिवस टाइट चेनवर साधारण १४० किमी गाडी चाललीये, बेअरिंगला काही झालं असेल का?

तेलकट_हात

आवाज चेन सैल करताच गेला म्हणजे बेअरिंग शाबूत आहे. बेअरिंग गेलं असतं तर आवाज राहिला असता. तरी एकदा मेन स्टँडवर मागचं चाक वरखाली, डावीउजवीकडे हलवून बघ, हाताला खडखड लागली तर दाखव. समोरच्या स्प्रॉकेटच्या मागे ऑइल झिरपतंय का तेही महिनाभर नजरेखाली ठेव, तिथे ऑइल अडवणारं सील असतं.

नवीन चेन सुरुवातीला थोडी ताणतेच, तेव्हा ३०० किमीला परत पट्टी लाव. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला देताना त्या तिन्ही बोल्टवर नेलपॉलिशची एक-एक रेघ ओढून दे.