उत्तर: चिखलातला सेंटीमीटरभर जिवाणू

अलीकडच्या कोणत्या वैज्ञानिक शोधाने थक्क केलं, या प्रश्नावर कुणीतरी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने दाखवलेल्या दूरच्या दीर्घिकांबद्दल लिहिलंय, ते फार आवडलं. मला मात्र अलीकडे सगळ्यात जास्त थक्क केलं ते एका जिवाणूने. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांवर, खारफुटीच्या पाण्यात कुजत पडलेल्या पानांवर जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ग्रो यांना २००९ मध्ये शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढरे धागे दिसले. तो जिवाणू असेल असं त्यांना आधी वाटलंच नाही, आणि कसं वाटणार? एक धागा म्हणजे एकच पेशी, आणि लांबी जवळपास एक सेंटीमीटर! पापणीच्या केसाएवढी. बहुतेक जिवाणू दोन-चार मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट, एवढेच असतात. २०२२ मध्ये 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात त्यावर सविस्तर शोधनिबंध आला.

आकारापेक्षाही मला आतली रचना जास्त महत्त्वाची वाटते. जिवाणूचा डीएनए पेशीत मोकळाच असतो, असं आपण शाळेत पाठ केलं. इथे तो पातळ पटलाच्या इवल्या पिशव्यांमध्ये बंद आहे. फळातल्या बारीक बियांवरून त्यांना 'पेपिन' नाव दिलंय. पेशीचा बराचसा भाग एका मोठ्या पोकळीने व्यापलेला, त्यामुळे जिवंत द्रव्य कडेला पातळ थरात राहतं. इतकी मोठी पेशी तग धरते ती त्यामुळेच, असं मानतात.

सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारा जिवाणू, हे मला अजूनही पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं.