मदत हवी आहे: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६४ आले आहे, गोळी लगेच सुरू करावी का?

नमस्कार. माझे वय ४६ असून सोलापुरात पूर्व भागातील एका सुताच्या पेढीवर मी हिशेबाचे काम करतो. म्हणजे सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत बैठक एकाच जागी असते. मी शाकाहारी आहे, वजन ६८ किलो आहे आणि रक्तदाब व साखर आजवर ठीक निघाली आहे. गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या आग्रहावरून आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतले. माझे एकूण कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २१० आणि एलडीएल १६४ आले, तर आठवड्यातून दोनदा मटण खाणाऱ्या भावाचे एलडीएल ९८ आले. तेव्हापासून तो घरी आला की माझ्या ज्वारीच्या भाकरीकडे पाहून हसतो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आहे. तरीही त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री घ्यायला सांगितली, कारण माझ्या वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. वडील विडी ओढत असत, त्यामुळे आम्ही सगळा दोष विडीलाच देत आलो. मला छातीत कधी दुखले नाही, जिना चढताना धाप लागत नाही. मग केवळ कागदावरच्या आकड्यासाठी जन्मभराची गोळी मागे लावून घ्यावी का, की आधी तीन महिने पथ्य करून पाहावे, हे ठरत नाही.

सौभाग्यवतींनी तोपर्यंत शेंगाचटणी आणि तूप दोन्ही बंद केले आहे. पेढीवरच्या चहाबरोबरची खारी मात्र चालूच आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही मोहोळजवळ एका शेतावर हुरड्याला गेलो होतो, आणि सकाळी रक्त देण्यापूर्वी मी साखरेचा चहाही घेतला होता. त्यामुळे आकडे फुगले असतील का? जाणकारांनी समजावून सांगावे.

प्रतिसाद १

मी डॉक्टर नाही. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आकड्यांपुरते खात्रीने सांगू शकतो. आपले एलडीएल बहुधा यंत्राने थेट मोजलेले नाही, ते वजाबाकीने काढलेले आहे. एकूण २४२ मधून एचडीएलचे ३६ वजा केले की २०६ उरतात. त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४२, वजा केला की बरोबर १६४ येतात. आता चहाने आणि आदल्या दिवशीच्या जेवणाने ट्रायग्लिसराइड वाढले असेल, तर वजाबाकी प्रमाणापेक्षा जास्त झाली आहे, म्हणजे खरे एलडीएल १६४ पेक्षा थोडे अधिकच असण्याची शक्यता आहे. हुरड्याला दोष देऊन सुटका होणार नाही. बारा तास उपाशी राहून तपासणी पुन्हा अवश्य करावी, परंतु मधला २०६ हा आकडाही लक्षात ठेवावा. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, त्याच्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते आणि रक्तवाहिनीला घातक असे सर्व कोलेस्टेरॉल त्यात येते.

भावाचे कोडे असे आहे की शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि रक्तातील एलडीएलचे कण परत ओढून घेण्याचे काम मुख्यतः यकृताच्या पेशींवरील ग्राहके करतात. ही ग्राहके किती जोमाने काम करतात हे मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते. या ग्राहकांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच घरातील दोन भावांचा वारसा सारखा असतोच असे नाही. वडिलांच्या झटक्यात विडीचा वाटा होता यात शंका नाही, पण विडीखेरीज आणखी काही आपल्याकडे आले असू शकते. म्हणून डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, वारशाने येणारा घातक कण) ही तपासणी एकदा करावी का, आणि थायरॉईडसाठी टीएसएच पाहावे का, असे विचारा. थायरॉईड मंद असेल तरीही एलडीएल वाढते.

शेंगदाणा ही वनस्पती आहे, तिच्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसते. त्यामुळे चटणीला घराबाहेर काढले आणि वनस्पती तुपातली खारी आत ठेवली, हा उलटा न्याय झाला.

प्रतिसाद २

दादा, ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. एलडीएलचे कण वर्षानुवर्षे धमनीच्या आतल्या अस्तरात शिरून साचत जातात आणि त्या काळात दुखत काहीच नाही. पुढे तो थर फाटला की तिथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. माझ्या यजमानांची आधीची पट्टीही साफ नॉर्मल होती. आम्हाला डॉक्टरांनी असे समजावले होते की एलडीएल ३९ ने खाली आले की झटका आणि पक्षाघाताचा धोका साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो. पथ्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरते, तर आपल्याला दिलेल्या मात्रेच्या गोळीने चाळीस टक्क्यांच्या वर. पथ्य सोडू नका, पण ते गोळीच्या जागी धरू नका. गोळीने स्नायू फारच दुखू लागले, तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. बहुतेकदा मात्रा किंवा औषध बदलून काम भागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वजाबाकीचा मुद्दा वाचून मी अहवाल पुन्हा काढून पाहिला, आणि हिशेबनीस असूनही हे गणित माझ्या लक्षात आले नाही याची लाज वाटली. सोमवारी उपाशीपोटी रक्त देणार आहे आणि सोबत टीएसएच व लायपोप्रोटीन-ए बद्दल विचारणार आहे. गोळी आज रात्रीपासून सुरू करतो. दुसरी तपासणी साधारण दोन महिन्यांनी करायची असे डॉक्टर म्हणाले आहेत, तेव्हाचे आकडे इथेच लिहीन. चटणी परत डब्यात आली आहे. खारीच्या जागी भाजलेले फुटाणे नेतो, तर पेढीवरचे सगळे मूठ-मूठ मागून घेतात.