मदत हवी आहे: पुणे उच्च तंत्रज्ञानाचे अग्रगण्य केंद्र होईल, या भरवशावर भोसरीतल्या लहान कारखानदाराने कर्ज काढावे का?

जाणकारांना नमस्कार.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रकामाचा लहान कारखाना आहे. चार सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी कातयंत्रे), दोन व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग यंत्रे) आणि अकरा कामगार एवढाच पसारा असून, गेली बावीस वर्षे आम्ही प्रामुख्याने डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेचे सुटे भाग जॉब वर्कवर करून देतो. विजेवर चालणाऱ्या वाहनाला यांपैकी एकही भाग लागत नाही. हे काम आज ना उद्या आटणार, हे मलाच नव्हे तर माझ्या कामगारांनाही ठाऊक आहे. म्हणून उपग्रह, संरक्षण आणि वैद्यकीय उपकरणे यांना लागणारे भाग करता यावेत यासाठी पाच अक्षांचे यंत्र (भाग पाच अक्षांवर हलवून-वळवून कापणारे) घेण्याचा विचार आहे. कर्ज सात वर्षांचे असेल आणि तारण म्हणून कारखान्याचा गाळाच ठेवावा लागेल. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीचे मत असे आहे की हेच काम करायचे असेल तर बाबांनी यंत्रासह तिकडेच यावे. पुण्यात त्यासाठी लागणारी साखळी अजून तयार झालेली नाही.

तिचे म्हणणे मला पटते आणि पटतही नाही. पुणे उच्च तंत्रज्ञानाचे केंद्र होणार असे भाषणांत आणि वर्तमानपत्रांत वारंवार सांगितले जाते. परंतु सात वर्षांच्या हप्त्यांचा हिशेब त्या वाक्यावर मांडता येत नाही. त्यामुळे माझा विचार आधी सविस्तर मांडतो आणि तो कुठे चुकतो आहे हे आपण दाखवावे, अशी विनंती करतो.

पुण्यात ज्ञानाची उणीव आहे असे मला मुळीच वाटत नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे १९५० पासून आहे. अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये येथे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. सॉफ्टवेअर संशोधनासाठी टाटांचे टीआरडीडीसी हे केंद्र १९८१ मध्येच येथे सुरू झाले होते. पिनाक अग्निबाण प्रणाली पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केली. जुन्नर तालुक्यात खोडदला, जिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी मी मुलीला शाळेत असताना घेऊन गेलो होतो, ते अजून आठवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नव्हे, तर दोरांच्या आधाराने ताणून बसवलेल्या बारीक पोलादी तारांच्या जाळीचा. वजन कमी, वाऱ्याचा भार कमी आणि म्हणून खर्चही कमी. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना समजली तेव्हा यंत्रकाम करणारा माणूस म्हणून मला जो अभिमान वाटला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

मग अडते कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधली पायरी आपल्याकडे वाहनांपुरतीच बांधली गेली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मोठे वाहन उद्योग आले आणि १९६६ मध्ये एआरएआय ही वाहन संशोधन संस्था उभी राहिली, जिथे उद्योगाला आपले नमुने तपासून घेता येऊ लागले. मोठ्या कारखान्यांनी भोसरीतल्या माणसांना ड्रॉइंग दिले, चुकलेला माल परत केला, का चुकला ते समजावले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ऑर्डर दिली. माझ्या उस्तादांसारखी जेमतेम सातवी शिकलेली माणसे मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) बोलू लागली ती अशा रीतीने. ठाम ग्राहक, तपासणीची सोय आणि चूक पचवण्याची मुभा या तीन गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या, म्हणून पुणे वाहनांचे शहर झाले.

बेंगळुरूचा इतिहास मी अलीकडे मुद्दाम वाचला. तेथील घडण सॉफ्टवेअरपासून सुरू झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनी तिथे १९८५ मध्ये आली, तर भारतीय विज्ञान संस्था १९०९ ची आहे आणि विमानांचा कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने काढला. पुढे एचएमटी (यंत्रे आणि घड्याळे), बीईएल (संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स) आणि इस्रो यांच्यामुळे लहान कारखान्यांना असा ग्राहक मिळाला, ज्याला अचूकता हवी होती आणि वाट पाहणेही परवडत होते. तैवानमधील शिंचूचेही तसेच. तेथे आयटीआरआय ही सरकारी संशोधन संस्था १९७३ मध्ये निघाली, विज्ञान उद्यान १९८० मध्ये सुरू झाले आणि चिप बनवणारी टीएसएमसी १९८७ मध्ये स्थापन झाली. म्हणजे आज जगभर गाजणाऱ्या त्या कंपनीच्या आधी चौदा वर्षे केवळ पाया घातला जात होता.

आपल्याकडे हिंजवडी झाली, तिने हजारो घरांना स्थैर्य दिले आणि त्याबद्दल मनात आदरच आहे. तरीही हिंजवडी आणि भोसरी यांच्यामध्ये फक्त पिंपरी-चिंचवड शहर असताना, बावीस वर्षांत तिथल्या कंपनीकडून माझ्याकडे एकही ड्रॉइंग आलेले नाही. तळेगावला अपेक्षित असलेला वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा मलाही वाईट वाटले होते; पुढे २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. एका प्रकल्पाच्या येण्याजाण्यावर एवढ्या मोठ्या शहराचे भवितव्य ठरत असेल, असे मला आता वाटत नाही.

आता माझा अनुभव सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच निर्माण झाला आहे. गेल्या वर्षी एका नवउद्योगासाठी आम्ही लहान उपग्रहातील इलेक्ट्रॉनिक्सची अॅल्युमिनिअमची पेटी करून दिली. यंत्रकाम नऊ दिवसांत पूर्ण झाले. मात्र ग्राहकाला ज्या मान्यताप्राप्त ठिकाणचे कोटिंग हवे होते ते बेंगळुरूत, उष्ण-निर्वात चाचणीही (अंतराळासारख्या निर्वातात तापवून-थंड करून पाहणे) बेंगळुरूत; तिथला क्रमांक लागून अहवाल हाती येईपर्यंत सात आठवडे गेले. पैसे मिळाले पाचव्या महिन्यात. वाहन उद्योगातही पैसे उशिरा मिळतात, पण तिथे दर महिन्याला गाडी भरून माल जातो. इथे वर्षभरात चार पेट्या गेल्या.

म्हणून विचारतो. ज्यांनी वाहनांचे काम कमी करून अंतराळ किंवा संरक्षण क्षेत्रात प्रवेश केला आहे, त्यांना पहिल्या चौकशीपासून नियमित ऑर्डर मिळेपर्यंत किती काळ लागला, आणि तोपर्यंत कामगारांचे पगार त्यांनी कशातून भागवले? एएस ९१०० हे विमान-अंतराळ क्षेत्रातील गुणवत्तेचे प्रमाणपत्र आधी घ्यावे की यंत्र? पुणे परिसरात अशा भागांसाठी मान्यताप्राप्त कोटिंग करणारे कोणी आहे का? आणि जे संशोधन संस्थांमध्ये काम करतात त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे की, आपल्या संस्थेला एखादा भाग हवा असतो तेव्हा भोसरीचा कारखाना आपल्या डोळ्यांसमोर येतो का, आणि येत नसेल तर का येत नाही? उत्तर कडू असले तरी चालेल. गाळा गहाण ठेवण्यापूर्वी ते मला कळणे आवश्यक आहे.

भर (चार दिवसांनंतर):

इतक्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सर्वांचे मनापासून आभार. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखाना इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग करतो, याची आठवण दोघांनी करून दिली. ते उदाहरण माझ्या लेखनात यायला हवे होते. मात्र तो मोठा कारखाना असून त्याने हा विश्वास अनेक दशकांत मिळवला आहे. अकरा माणसांच्या कारखान्याला तीच वाट कितपत चालता येईल याविषयी माझ्या मनात शंका आहे.

सर्वांत उपयोगी ठरला तो एका संशोधन संस्थेत खरेदी पाहिलेल्या निवृत्त सदस्यांचा प्रतिसाद. त्यांनी लिहिले आहे की भोसरीचा माल वाईट असतो म्हणून नाकारला जात नाही, तर मालासोबत येणारे मापाचे कागद विश्वासार्ह नसतात म्हणून नाकारला जातो. हे वाचून प्रथम राग आला. नंतर गणित करून पाहिले. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते. अॅल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते. मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असताना १०० मिलिमीटरचा भाग मोजला, तर केवळ उष्णतेमुळे त्यात ४० मायक्रॉनहून अधिक फरक पडतो, आणि त्या पेटीच्या ड्रॉइंगवर मुभा होती १५ मायक्रॉनची. पोलादाच्या लहान भागांवर वर्षानुवर्षे काम केल्यामुळे ही गोष्ट मी कधी इतक्या गांभीर्याने घेतलीच नव्हती. आमची पेटी पास झाली, कारण ती जानेवारीत केली होती.

त्यामुळे पाच अक्षांचे यंत्र यंदा घेणार नाही. बेंगळुरूला जाण्याचाही विचार तूर्त नाही, कारण माझे अकराही कामगार इथे घर करून आहेत आणि त्यांचे हात हेच माझे खरे भांडवल आहे. आधी बारा फूट बाय दहा फुटांची, तापमान स्थिर राहील अशी मापन खोली बांधायची, जुने पण चांगल्या स्थितीतले सीएमएम (भागांची मापे अचूक घेणारे यंत्र) घ्यायचे आणि एएस ९१०० ची तयारी सुरू करायची, असे ठरवले आहे. मुलीला कळवले, तिने कागदपत्रांच्या पद्धती शिकवायला रविवारी व्हिडिओ कॉलवर वेळ देण्याचे कबूल केले आहे.

आता पुढची मदत हवी आहे. आमची शेड पत्र्याची असून शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालतो, त्यामुळे जमिनीला हादरे बसतात. मापन खोलीसाठी पफ पॅनेल (उष्णता रोखणारे फोमचे फलक) किती जाडीचे घ्यावे, सीएमएमखाली वेगळा पाया खणून घ्यावा लागेल का, आणि वीज गेल्यावर खोलीचे तापमान निदान दोन तास टिकवण्यासाठी कोणती व्यवस्था पुरेशी होईल? भोसरी, चाकण किंवा रांजणगाव येथे कोणी अशी खोली केली असेल आणि ती पाहू देणार असेल, तर मी कोणत्याही दिवशी येऊ शकतो.