सुईच्या तुकड्यावरचे ईआर, हर-टू अंतिम धरायचे का?

स्लाइडवाली, इंदूर:
स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर संप्रेरकांचे रिसेप्टर आहेत का) आणि हर-टू (पेशी वाढवणारे हे प्रथिन जास्त आहे का) या उपचार ठरवणाऱ्या तपासण्या सुईने काढलेल्या तुकड्यावर झालेल्या असतात. गाठ काढल्यावर त्या सरसकट पुन्हा करायला सांगणे थांबवा, असे माझे ठाम मत आहे. 14 गेजच्या सुईने घेतलेले चार-पाच तुकडे लगेच 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, पडतात. तुकडा दोन मिलिमीटरही जाड नसतो, त्यामुळे फॉर्मलिन पटकन आत मुरते. याउलट अख्खा स्तन न कापता रात्रभर डब्यात राहिला की मधल्या गाठीपर्यंत ते पोहोचतच नाही आणि ईआर खोटा निगेटिव्ह येतो. चांगला नमुना सोडून वाईटावर भरवसा का ठेवायचा? शिवाय पदरच्या पैशाने तपासणी करणाऱ्या बाईला दुप्पट भुर्दंड.

सर्जन, राजवाडा:
ताई, डब्याचा दोष गाठीच्या माथी मारू नका. गाठ निघाल्यापासून तासाभरात 5 ते 10 मिलिमीटरचे काप द्या, दसपट फॉर्मलिन घाला, तक्रारच उरत नाही. खरी अडचण तुकडा लहान असण्याची आहे. पीआर गाठीत जागोजागी कमीजास्त असतो, की-67 चेही (किती टक्के पेशी विभागत आहेत ते सांगणारा आकडा) तसेच. हर-टू एका कोपऱ्यात 3+ (पॉझिटिव्ह) आणि दुसऱ्यात 1+ (निगेटिव्ह) असू शकतो. सुई नेमकी दुसऱ्या कोपऱ्यात गेली तर बाई ट्रॅस्टुझुमॅबला, म्हणजे हर-टूवरच्या औषधाला, मुकते.

स्लाइडवाली, इंदूर:
ईआरला ही भीती कमी. कर्करोगाच्या पेशींची 1 टक्का केंद्रके रंगली तरी तो पॉझिटिव्ह धरतात. हर-टू 2+ (अनिश्चित) आला तर मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर (ब्लॉकवर) फिश, म्हणजे हर-टूच्या जनुकाची तपासणी, होते. आणि आधी केमो दिलेल्या बाईची गाठ पुरती विरघळली, तर पुन्हा तपासणार कशावर? हातात उरतो तो सुईचाच तुकडा.

हिस्टो टेक्निशियन:
दोघेही नमुना नीट आला असे गृहीत धरताय. खरगोन, बडवानीकडून येणाऱ्या डबीवर तुकडा फॉर्मलिनमध्ये कधी टाकला ती वेळ लिहिलेली हवी. फॉर्मलिनमध्ये किमान 6, जास्तीत जास्त 72 तास. शनिवारी दुपारचा तुकडा, सोमवारी रंगपंचमीची सुट्टी, मग मंगळवारी दुपारी मुदत संपलीच! घाईने दोन तासांतच तुकडा पुढच्या प्रक्रियेच्या मशीनला लावला तर उरलेले काम अल्कोहोल करते आणि रंग असमान चढतो. चिमट्याने ओढलेल्या तुकड्यात पेशी चिरडतात. कडा गडद रंगतात, तिथला हर-टू वाचूच नये. शेजारच्या निरोगी नलिकांमध्येही ईआर रंगला नसेल तर ‘निगेटिव्ह’ लिहू नका, तपासणी बाद धरा.

सर्जन, राजवाडा:
नलिकांचा मुद्दा लाखमोलाचा. सरसकट नको, हेही मान्य. पण ग्रेड 3 (आक्रमक) गाठीत हर-टू निगेटिव्ह, ग्रेड 1 (मंद वाढणाऱ्या) गाठीत 3+, किंवा तुकड्यात कर्करोगाच्या पेशी जेमतेम, अशा वेळी काढलेल्या गाठीवर पुन्हा करायलाच हवे. केमोनंतर उरलेल्या गाठीवरही.

स्लाइडवाली, इंदूर:
एवढ्या यादीला माझी हरकत नाही. की-67 मात्र दोन्हीकडे करून आकड्यांची तुलना करू नका. सुईच्या तुकड्यात 18 टक्के आणि गाठीत 25 टक्के आले म्हणून उपचार बदलणे मला पटत नाही.