धाकापेक्षा वागणूक मोठी

काही जण म्हणतात की धाक असला तरच लोक पोलिसांना मानतात. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या लोकांना पोलीस आणि कोर्टाचा काय अनुभव येतो, याचा अभ्यास केला, १९९० साली तो प्रसिद्ध झाला. निकाल आपल्या बाजूने लागला का, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, हे लोकांना जास्त महत्त्वाचं वाटतं, असं त्यात दिसलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला एका प्रयोगात दारू तपासणीत थांबवलेल्या चालकांशी पोलीस कारण सांगून, आदराने बोलले, तेव्हा पोलिसांबद्दल लोकांचं मत सुधारलं. (स्कॉटलंडमध्ये तसाच प्रयोग उलटला, म्हणजे नुसतं पाठ केलेलं बोलून भागत नाही.)

आता आपल्या खान्देशात या. फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि प्रत मोफत द्यायची, हा कायदा आहे. पण नंदुरबारमधल्या धडगावकडची, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी बाई ठाण्यात आली आणि कागद प्रमाण मराठीत भराभर वाचला, तर तिला काय कळणार? अहिराणी बोलणारा शेतकरीसुद्धा साहेबासमोर गप्पच बसतो. गावातले तंटे गावातच मिटवायच्या, २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतही समितीवर गावातलं वजनदार घर असेल, तर दुबळ्याची बाजू मांडणार कोण? अक्राणी (म्हणजे धडगावचा तालुका), शहाद्याच्या ठाण्यांत तिथली बोली येणारा माणूस प्रत्येक पाळीला हवाच.